बांबू फोडणाऱ्याचा चाकू

त्या प्रकरणाची आठवण निघाली की मला आधी स्वतःचाच राग येतो आणि मग हसू येतं. आता गोंदियाजवळ फुलचूरला घर बांधून निवांत बसलोय, सकाळी फिरायला जातो, पेपर वाचतो. पण कुठे दुकानात तसला काळा चाकू दिसला की पाय थबकतातच. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती आणि गोंदिया जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यातलं एक ठाणं माझ्याकडे होतं. नावं कोणाचीच सांगणार नाही. माणसं अजून तिथेच राहतात.

विडी वळायच्या तेंदूपानांचा हंगाम होता. पानांचे पुडे जमा होतात ती जागा म्हणजे फडी. अशा एका फडीवर पुडे मोजून घेणारा मुन्शी दुपारी रक्तबंबाळ होऊन ग्रामीण रुग्णालयात आला. जबाब दिला, "नाल्याकाठी मागून कोणीतरी धरलं आणि वार केले. तोंड दिसलं नाही." आम्ही घटनास्थळी गेलो. पंचनामा करताना झुडपात चाकू सापडला. भाजी चिरायचा नव्हे. हातभर लांब, जाड पात्याचा, न मिटणारा, जंगलात राहायला जाणारे शहरी लोक कमरेला लावतात तसला. पात्यावर कंपनीचा शिक्का आणि मॉडेलचं नाव. फोटो काढले, लाखेचं सील लावून मुद्देमाल जमा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच खबऱ्याचा फोन. "साहेब, असा कमांडो चाकू आपल्या भागात एकाच बुढ्याजवळ हाय. अन् बाजारात सगळ्यांसमोर बोलला होता थो, मुन्शीचे हात तोडतो म्हणून."

म्हातारा गोंड समाजातला, जंगलातून बांबू आणून टोपल्या, सुपं आणि धान्याच्या ढोल्या विणणारा. बायको वारलेली. एकच मुलगी. अभयारण्याच्या गेटवर गाइडचं काम करायची. मुन्शी येता-जाता तिला वाटेल ते बोलायचा, त्यावरून बाजारात बाचाबाची झाली होती. तो चाकूही तिला एका पर्यटकाने खूश होऊन भेट दिला होता आणि तिने बापाला दिला होता.

आणि नेमका त्याच मुलीचा एक कागद माझ्या टेबलावर होता. वनरक्षक म्हणून तिची निवड झाली होती. चारित्र्य पडताळणी आमच्याकडे आली होती. माझी सही झाली की ती खाकी घालणार होती. गुन्ह्यात नाव आलं की सगळं संपलं.

मी जीप काढायला सांगितली, तर म्हातारा स्वतःच ठाण्यात हजर! पायात चपला नाहीत, डोक्याला गमछा.

"मीच मारलो त्याले साहेब. लिवून घ्या."

ठाण्यात असं सुख क्वचित मिळतं. हवालदाराने लगेच कागद सरसावले. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, हे त्यालाही माहीत होतं, पण सोपं काम कोणाला नको असतं? मी म्हातारबाला पाणी दिलं, बसवलं.

"काका, वार कुठे केला?"

"पाठीवर."

"किती?"

"दोन. नाई, तीन."

मुन्शीला दोन जखमा होत्या. एक डाव्या अंगठ्याला, दुसरी डाव्या मांडीच्या आतल्या बाजूला. पाठीवर ओरखडासुद्धा नव्हता. म्हातारा धडधडीत खोटं बोलत होता. आणि इथे माझी पस्तीस वर्षांची हुशारी आडवी आली. बाप खोटं बोलतोय म्हणजे कोणाला तरी वाचवतोय. घरात दुसरं आहे कोण? मी तो पडताळणीचा कागद उचलून ड्रॉवरमध्ये टाकला.

म्हाताऱ्याला म्हटलं, "घरी जा, बोलावलं की या." तर तो उठेचना!

"मले आत टाका."

"अहो काका, अटक नाही केली तुम्हाला. जा घरी."

"नाई जात. मी मारलो म्हणून राहिलो ना? मंग आत काऊन नाई टाकत?"

लोक ठाण्यातून सुटायला हातापाया पडतात, आणि हा आत यायला भांडत होता. शेवटी बाहेरच्या बाकावर बसून राहिला. आम्ही नाश्त्याला पोहे दिले, ते त्याने नीट खाल्ले. पण जागचा हलला नाही.

दुपारी मी बोलावल्यावर मुलगी आली. बापाकडे बघितलंसुद्धा नाही. बापानेही मान वळवली. एका घरातली दोन माणसं, हातभर अंतरावरून अनोळखी माणसांसारखी. मला वाटलं, ठरवून आलेत.

"चाकू कुठे आहे?" मी विचारलं.

"माहीत नाही."

"दिसायला कसा होता?"

तिने मोबाईल काढला. पर्यटकाने चाकू देतानाचा फोटो होता. मी तो मोठा करून बघितला आणि मनातून हुश्श केलं. फोटोतल्या चाकूच्या पाठीवर करवतीसारखे दात होते. आम्ही जप्त केलेल्याची पाठ एकदम सपाट! म्हणजे चाकूच वेगळा. मी खुशीत हवालदाराला हाक मारली.

हवालदार तिथल्याच भागातला. डोकं खाजवत म्हणाला, "साहेब, पण बुढ्यानं ते दात लोहाराकडून घासून घेतले ना. मी स्वतः पाहिलो."

"कायले?"

मीसुद्धा एव्हाना त्यांच्यासारखाच बोलायला लागलो होतो.

"बांबू फोडायले. चाकू बांबूच्या टोकावर ठेवायचा अन् पाठीवर लाकडाचा ठोकळा मारायचा. पाठीले दात असले तर दोन दिवसांत ठोकळ्याचा भुसा होते."

त्या कंपनीने बहुधा लाकूड कापायला दिलेले दात आमच्या म्हाताऱ्याने पहिल्याच आठवड्यात काढून टाकले होते! त्याच्या कामात ते आडवे येत होते, विषय संपला. पण माझी पंचाईत झाली. दात नसलेला चाकू म्हणजे आता पुन्हा त्याचाच. मुलीने आमचं बोलणं ऐकलं, तिचा चेहरा पांढरा पडला आणि माझा संशय पक्का झाला. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. इतक्या हुशार पोरीच्या हातून असं व्हावं!

दुसऱ्या दिवशी गोंदियाला मीटिंग होती. ती आटोपून, कोर्टासाठी चाकूची नीट माहिती घ्यावी म्हणून बाजारातल्या एका दुकानात शिरलो. टॉर्च, मासे धरायचे गळ, पट्टे, असलं सामान. मालकाला मोबाईलवर जप्त चाकूचे फोटो दाखवले.

"साब, ये तो नया वाला है," तो बघताक्षणी म्हणाला.

"नया म्हणजे?"

त्याने काउंटरच्या काचेवर दोन चाकू शेजारी ठेवले. एक स्वतःचा, वापरलेला. दुसरा डब्यातून काढलेला कोरा. शिक्का तोच, मॉडेल तेच, लांबीही तीच. मला तर ते जुळे भाऊ वाटले.

"नाम वही रखा, माल बदल दिया," तो म्हणाला आणि मला एकेक गोष्ट दाखवत गेला. जुन्याच्या पाठीवर दात, नव्याची पाठ सपाट. पण खरा फरक मुठीत. जुन्याचं पोलाद मुठीच्या निम्म्यापर्यंतच जातं आणि त्यावर अखंड रबर ओतलेलं असतं. नव्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत जाऊन मागे बाहेर डोकावतं आणि दोन्ही बाजूंनी पट्ट्या स्क्रूने कसलेल्या असतात. लोहार दात घासून काढू शकतो, पण अर्ध्या पोलादाचं अख्खं करू शकत नाही. जप्त चाकूच्या मुठीमागे पोलाद स्वच्छ दिसत होतं. मुलीच्या फोटोत नुसतं रबर.

मी तिथल्या स्टुलावर बसलोच.

"नया मजबूत है साब, पर एक कमी है. पट्टी के नीचे गंदगी फंसती है. खोलके धोना पडता है." असं म्हणून त्याने माझाच फोटो बोटांनी मोठा केला. "ये देखो, इसमें भी कुछ बाल जैसा है."

मुठीच्या फटीत दोन-तीन आखूड तपकिरी केस अडकले होते. माणसाचे नव्हते. मला मुन्शीच्या जखमा आठवल्या. डावा अंगठा, डाव्या मांडीची आतली बाजू. उजव्या हातात चाकू धरून, उकिडवं बसून एखादं जनावर सोलताना हात सटकला तर नेमकं तिथेच लागेल.

मुन्शीसमोर मी नुसता तो फोटो ठेवला. वीस मिनिटांत घडाघडा बोलला. फाशात अडकलेलं चितळ त्याने नाल्यात बरंच वर सोलायला घेतलं होतं आणि पळताना चाकू झुडपात फेकला होता. चाकू त्याचाच, ऑनलाइन मागवलेला. डॉक्टरला काय सांगावं सुचेना म्हणून हल्लेखोर जन्माला घातला. डबा त्याच्या खोलीतच मिळाला. वन विभागाने त्याला ताब्यात घेतलं आणि पुढे नागपूरच्या प्रयोगशाळेचा अहवालही चितळाचाच आला.

मग म्हाताऱ्याचा चाकू गेला कुठे? मी मुलीला सगळं सांगितलं, तशी ती तडक उठली. घरी जाऊन तिने भाताच्या ढोलीत खांद्यापर्यंत हात घालून चाकू काढून आणला. मुन्शीची बातमी कानावर आली, बाप घरी नव्हता, बाजारातलं भांडण डोक्यात होतं. बापानेच करून चाकू घरी टाकला असं समजून तिने तो लपवला होता. आमच्याकडे आधीच एक चाकू आहे, हे तिला ठाऊकच नव्हतं. संध्याकाळी बाप आला. चाकू रोजच्या जागी नाही. त्याला वाटलं, पोरगी घेऊन गेली आणि तिनेच केलं.

दोघांना समोरासमोर बसवलं आणि मीच हे सांगितलं.

"म्हणजे तुमाले वाटलं मी मारलं?" मुलगी म्हणाली.

"तुले नाई वाटलं का मी मारलो म्हणून?"

"तुमी बोलले होते ना बाजारात, हात तोडतो म्हणून!"

"बोललो. कोंबडीची मान मुरगळता येते का मले? तूच मुरगळतं घरी!"

हवालदार फिसकन हसला. मग पोरगी हसायला लागली आणि हसता हसता ओक्साबोक्शी रडली. म्हाताऱ्याने गमछ्याने तिचं तोंड पुसलं, लहान पोराचं पुसतात तसं खसाखसा. मी ड्रॉवर उघडला, पडताळणीचा कागद काढला आणि सही केली. माझेही डोळे भरले होते, लपवत नाही.

ती बाहेर गेल्यावर मी म्हाताऱ्याला जरा दरडावलं. "काका, पोलिसांना खोटं सांगणं हासुद्धा गुन्हा आहे. जन्मभर आत सडला असता. एकदा तिला विचारायचं तरी!"

त्याने शांतपणे विचारलं, "साहेब, तुमाले लेक हाय का?"

"आहे. एकच आहे."

"मंग मले कायले इचारून राहिले?"

नोकरीत खोटं बोलणारी माणसं रोज भेटायची. ती स्वतःला वाचवायला बोलतात, हे मी धरूनच चालायचो, आणि दुसऱ्याला वाचवायला बोलली तर तो दुसरा गुन्हेगार, हेही धरून चालायचो. हे दोघं एकमेकांबद्दल चुकले ते मायेपोटी. मी चुकलो ते माझ्या अनुभवाच्या घमेंडीपोटी. विचारायचं मात्र तिघांपैकी एकालाही सुचलं नाही, आणि विचारणं हे तर माझं कामच होतं.

त्या संध्याकाळी मी पुण्याला शिकणाऱ्या माझ्या मुलीला फोन लावला. एरवी मी पैसे पाठवले, परीक्षा कधी, गाडी हळू चालव, इतकंच बोलायचो.

"पप्पा? काय झालं? बरं नाही का?" ती घाबरलीच.

"बरा आहे गं," मी म्हणालो. "तू कशी आहेस ते विचारायला फोन केला."

मग ती बोलायला लागली. मी मध्ये एकदाही बोललो नाही.