पिवळा दोरा

सत्तरच्या दशकात सोलापुरातल्या एका चादर कारखान्यात मी कागदावर नक्षी काढायचो आणि एक जुने कारागीर पुठ्ठ्यांना भोकं पाडून ती मागावर चढवायचे. नक्षीत बदल सांगितला की त्यांचा प्रश्न ठरलेला, "कोन म्हनलं?"

दुसरे कारागीर जुन्याच पुठ्ठ्यावर कागद चिकटवून भोक बुजवायचे. हे नवा पुठ्ठा कापायचे. मागावरच्या पुठ्ठ्यांच्या माळेतून काढलेल्या जुन्या पुठ्ठ्याला बदल सांगणाऱ्याच्या रंगाचा दोरा बांधून खिळ्याला अडकवायचे. शेठचा दोरा लाल, माझा पिवळा. भिंत बहुतेक लालच होती. "टाकून द्या की," असं कुणी म्हणालं की ते भडकायचे. "मागं फिरायचं झालं तर वाट नगो व्हय?"

मी नवीन असताना हौसेनं चादरीतलं कमळ मोठं केलं. माल दुकानांतून परत आला. शेठ तणतणत आले, "कुणी बदललं हे फूल?" माझी नोकरी अजून कच्ची होती आणि पिवळा दोरा सगळ्या कारखान्याच्या ओळखीचा होता.

ते उठले. शेठकडे पाठ करून त्यांनी खिळ्यावरचे पुठ्ठे उतरवले आणि पुढे ठेवले. "कोन म्हनलं ते इसरलो बगा. जुनं फूल हे हितं हाय. आजच चढवतो."

शेठ गेल्यावर त्यांनी मूठ उघडून पिवळा दोरा माझ्या हातावर ठेवला.

"फुडच्या टायमाला कमळ जरा ल्हान काडा," ते म्हणाले. "पर काडा."