जिनिंगमधला तारा

"थांबव! कोन पेटवून राह्यलं इथं?"

जिनिंगचे फोरमन राठोडभाऊ घुमटात शिरले, तेव्हा मी ट्रायल घेत होतो. माइकवर नुकतंच म्हणालो होतो, "आणि आता तारा पेटतो."

मी फिरतं तारांगण चालवतो. म्हणजे ब्लोअरनं फुगवायचा काळा घुमट, आत प्रोजेक्टर. घर चिपळूणकडं, शाळा आठवीत सुटली. तरी तारांगणाच्या मालकांनी, आमच्या सरांनी, काम दिलं, त्यांचे उपकार. महागावजवळच्या एका शाळेसाठी शो होता, पण तिच्या मैदानावर सोयाबीन वाळत होतं, म्हणून घुमट जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये लावला. जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी करतात. ठिणगी पडली की खलास, म्हणून गेटवरच काडेपेटी काढून घेतात.

"भाऊ, पडद्यावरच पेटतो."

"पडद्यावर बी नाई. माहे हमाल पयतीन. ढग दाखव अन् घरी जाय."

शोच्या फॉर्मवर जागेवाल्याची सही लागते. मागच्या दोन सह्या मी विसरलो होतो. ही राहिली असती तर काम सुटून थेट चिपळूण.

सरांना फोन केला. "सर, न पेटवता तारा होईल का?"

"अरे, तो पेटत नसतोच. आगीला हवा लागते, तिथं कुठली हवा? दाबानं हायड्रोजनचा हेलियम होतो, त्याचा तो उजेड."

दोन वर्षं मी चुकीचं सांगत होतो!

भाऊंना समजावलं, "ढग धुळीचा आणि वायूचा. थंड, विरळ. त्यात सुतासारखे धागे, धाग्यांत गाठी. गाठ आपल्याच वजनानं दबते आणि मध्यभागी तापते."

"ओल्या कापसाच्या गंजीवानी?"

"कारण वेगळं, पण तापते आतूनच."

"आमी गंजी फोडतो मंग. तिथं कोन फोडते?"

"कुणीच नाही."

"वॉचमन बी नाई? किती दिवस तापते?"

"लाखो वर्षं."

"अन् कोनाले वास नाई आला?"

शेवटी परवानगी मिळाली. प्रोजेक्टरच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या बादल्या ठेवायच्या, या अटीवर.

शोला पोरं पुढं, हमाल मागं. गाठ मधोमध लाल झाली आणि चार हमाल उठले. एकानं बादली उचलली. मी प्रोजेक्टरला मिठी मारून ओरडलो, "हवा नाही तिथं! हवा नाही!"

"बसा रे," भाऊ म्हणाले. "हवा नाई म्हंते तो."

बसले. मी बाजूला झालो, तारा उजळला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बादली मात्र त्या हमालानं शेवटपर्यंत मांडीवरच धरली.

भाऊंनी सही केली. शेऱ्यात लिहिलं : 'तारा झाला. आग लागली नाही.'

आता घुमट फुगवायच्या आधी मी एवढंच विचारतो, इथली माणसं कशाला भितात?