वहीत न चढलेला काळा करकोचा

गंगाधरपंत वाळिंबे यांची नि माझी ओळख झाली ती मी जयपुरास बदलून आलो त्याच आठवड्यात. विमा कचेरीत त्यांचे टेबल माझ्या शेजारी. "सायकल आहे ना? मग रविवारी सांगानेरपलीकडच्या तळ्यावर चला. तिथं शिकारीला बंदी आहे, पाखरं निवांत बसतात," ते म्हणाले. मी गेलो आणि फसलो. पक्ष्यांचे वेड लागले, आणि पंतांचा हेवाही वाटू लागला. पंतांच्या साठीच्या गौरवग्रंथात असे लिहू नये, हे मला कळते. पण दुसरे काही लिहिले तर ते खोटे होईल.

माझ्याकडे उत्तम दुर्बीण, पंतांकडे नुसता चष्मा. तरी चपट्या चोचीचा चमचा पक्षी आधी दिसे तो पंतांना, आणि चिखलातले तुतवार ओळखत तेही पंतच. तळ्याचा चौकीदार माझ्या रामरामाला जेमतेम मान हलवी. पंत दिसले की मात्र खाट झटकून म्हणे, "आइए पंतजी, आपके लिए बत्तखें रोक रखी हैं!" माझ्या अंगाचा तिळपापड होई.

माझी पत्नी विषमज्वराने अंथरुणाला खिळली, तेव्हा पंत रोज कचेरीआधी सायकलवरून भाताची पेज घेऊन येत. बरी झाल्यावर तिने त्या पेजेचे इतके गोडवे गायले की मला रागच आला. "तुम्हाला त्यांचं चांगलं बघवतच नाही," ती म्हणाली. खरेच होते ते.

रविवारी तळ्यावर पाखरे बघायला जमणाऱ्या आम्हा मंडळींची एक वही होती. दोघांनी पाहिला तरच पक्षी तिच्यात चढायचा, हा नियम पंतांचाच. एका हिवाळ्यात सकाळी आम्ही दोघेच बांधावर होतो. बाकीचे मागे चहाला बसलेले. पंत एकदम कुजबुजले, "काळा करकोचा! ती लाल चोच बघा! दिसला ना?" त्या तळ्यावर तो आधी कुणीच पाहिला नव्हता. माझ्या दुर्बिणीत तो पांढऱ्या पोटासकट स्पष्ट दिसत होता. मी म्हणालो, "नाही बुवा."

पंतांनी वही मिटली. "मग राहू दे," एवढेच म्हणाले. करकोचा पुन्हा कधी आला नाही, आणि पंतांनीही तो विषय कधी काढला नाही.

परवा हा लेख लिहायला बसलो, तर हात चालेना. तसाच उठून पंतांकडे गेलो. म्हटले, "पंत, तो करकोचा मी पाहिला होता."

"माहीत आहे की," ते म्हणाले. "तुमची दुर्बीण त्याच्यामागोमाग पार टेकडीपर्यंत फिरली. पण मंडळींसमोर तुम्हाला खोटं पाडून मला काय मिळणार होतं? चहा घेणार ना?"

घ्या! म्हणजे माफ करण्यातही हेच पुढे, आणि तेही इतक्या वर्षांपूर्वी. चहा घेतला, तर तोही फक्कड!

आज पंतांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना उदंड आयुष्य लाभो, प्रकृती ठणठणीत राहो, सायकल सुटू नये. ते नसले तर या परमुलखात मी हेवा तरी कुणाचा करायचा?