मामेसासऱ्यांचं इंजिन

भंगार नावाची वस्तू जगात नसतेच, असं मनापासून मानणारा एकच माणूस माझ्या पाहण्यात आला, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. माझ्या बायकोचे हे मामा इतवारीतल्या कापडाच्या दुकानात जन्मभर गादीवर बसले. मुलाने दुकान हाती घेतलं, तसे ते गादीवरून उठले आणि थेट भांड्यांच्या गल्लीत, मोडीच्या ढिगापाशी जाऊन बसले. त्यांना वाफेचं इंजिन करायचं होतं. टेबलावर मावेल एवढंच, पण खऱ्या पाण्यावर आणि खऱ्या विस्तवावर चालणारं. त्यात एकही नवी वस्तू असता कामा नये, ही अट त्यांनी स्वतःच स्वतःला घातली होती. का, ते आम्ही कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर अख्खी दुपार गेली असती.

तेव्हापासून मामा माणसांकडे कमी आणि त्यांच्या सामानाकडे जास्त पाहू लागले. कोणाचा पंखा बिघडला की यांचा चेहरा उजळायचा. एकदा काटोलला एका आजारी नातेवाइकाला पाहायला आम्ही बरोबर गेलो. सगळे रोग्याच्या उशाशी आणि मामा अंगणात, संत्र्याच्या बागेतल्या जुन्या फवारणी पंपापाशी. परतीच्या बसमध्ये त्यांच्या मांडीवर पितळेची नळी होती.

"कसे वाटले पेशंट?" मी विचारलं.

"बरे हायेत," नळीत फुंकर मारत मामा म्हणाले, "पण पंप एकदम फस्टक्लास!"

अशा तऱ्हेने स्टोव्हच्या टाकीचा बॉयलर झाला, सायकलच्या पंपाचा सिलिंडर झाला. राहिलं चाक. एके दिवशी मामी ब्लाउजला टीप मारायला बसल्या, तर शिलाई मशीनला चाकच नाही.

"अहो, माह्या मशीनचं चाक कुठं गेलं?"

"तू आता शिवतेच कुठं वं?"

मामींनी अबोला धरला. मामांच्या तो आठवडाभर लक्षातच आला नाही.

पहिल्या चाचणीला त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. "जावईबापू, काहून भिऊन राहिले? जवळ या!" मी जवळ गेलो. इंजिनाने माझ्या सदऱ्यावर गरम पाण्याची पिचकारी मारली, चाक जरासं हललं आणि थांबलं. "वाफ पळून राहिली," मामा म्हणाले. त्यानंतर कितीतरी महिने ते पळणाऱ्या वाफेच्या मागे होते. कानस घासल्याचा आवाज ऐकून मामींचं डोकं उठायचं.

मग मामांचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टर म्हणाले, हे आता असंच राहील. स्क्रू बोटांतून निसटायचा, खाली पडायचा. एका सकाळी मामांनी इंजिनावर जुनं धोतर टाकलं आणि पेपर वाचत बसले. दुसऱ्या दिवशीही तेच. घर एकदम शांत झालं, आणि ती शांतता मामींना कानशीपेक्षा जड गेली.

पुढे एकदा सहज गेलो, तर व्हरांड्यात मामी. नाकावर चष्मा, बोटं तेलाने काळी. वाफ पळू नये म्हणून सिलिंडरमधल्या दट्ट्याला सुताचे वेढे देत होत्या, अगदी देवाची वात वळावी तसे. मामा शेजारच्या खुर्चीत.

"घट्ट वं, अजून घट्ट!"

"तुम्ही तोंडानं सांगा. हात मी लावतो," मामी म्हणाल्या.

त्याच रविवारी विस्तव पेटला. बॉयलर कुरकुरला, सिलिंडरने सुस्कारा सोडला. मामींनी चाकाला बोट लावलं आणि ते फिरलं. फिरतच राहिलं. टाकीतलं पाणी पार आटेपर्यंत. मग मामींनी पदराने डोळे पुसले आणि धूर फार झाल्याचं सांगितलं. धूर काही नव्हता.

आता पाहुणे आले की मामीच इंजिन चालवतात. मामा हात शालीखाली धरून बसतात. परवा मी विचारलं, "मामा, आता पुढे काय करायचं?"

ते इंजिनाकडे पाहत नव्हतेच. मामींकडे पाहत होते.

"हिले विचारा," ते म्हणाले. "डायवर ही हाय. मी नुसता प्यासेंजर."