सोवळ्यातलं अंथरूण

नारायण पेठेतल्या मंडळींनो, पटकीची साथ सुरू आहे. तरी आज सकाळी श्रीमंतांनी बांधून दिलेल्या आपल्या हौदात शेजारचे गोपाळपंत आजारी मुलाचं अंथरूण खळबळत होते.

म्हटलं, "अहो पंत, हेच पाणी आम्ही पितो!"

"मी सोवळ्यात आहे," पंत म्हणाले. मलाही ते पटलं. घागर भरली.

तेवढ्यात वेशीबाहेरच्या मोळीवालीने लांबूनच घोटभर पाणी मागितलं. पंत ओरडले, "चल हो पुढे! पाणी बाटेल!" ती तहानलेलीच गेली. मी घागर उचलून घरी नेली.

तिसऱ्या प्रहरापासून माझ्या नातीला जुलाब सुरू आहेत.

पाणी उकळून प्या. हौदात काही धुऊ नका.

मोळीवालीची काळजी नको. तिला आपण पाणी दिलंच नव्हतं.