चकती न सोडणारी डोरीन

कॅनडातल्या सस्कॅचवानमधल्या ड्यूनफील्ड गावात डोरीन पासिच्निक शाळेची बस चालवते आणि रविवारी बर्फावर हॉकी खेळते, चेंडूऐवजी रबरी चकतीची. पुढे वाट दिसली नाही की ही बाई चकती घेऊन खुशाल माघारी वळते. गाव तिला 'रिव्हर्स गिअर' म्हणतं. म्हणेना का! हे शहाणपण तिला फुकट मिळालेलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी कपाच्या शेवटच्या सामन्यात बरोबरी होऊन जादा वेळ लागला. जादा वेळेत दोन्हीकडे गोली, म्हणजे गोलरक्षक, सोडून तीन-तीनच खेळाडू, आणि पहिला गोल करील त्याचा कप. चकती डोरीनकडे होती. "मार!" असं गाव ओरडलं. सगळ्यांत मोठा आवाज तिच्या आईचा, नेटीबाईंचा. डोरीनने मारली. चकती कुणाच्या तरी नडगीवर आपटली, समोरच्या टॅनरी संघाच्या पोरींनी ती पळवली आणि गोल केला. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलं की दुसरं काय होणार? मायलेकी त्या दिवसाबद्दल पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

यंदा डोरीनचा गुडघा पार कामातून गेलेला, हा तिचा शेवटचा सामना. समोर पुन्हा टॅनरी, पुन्हा बरोबरी, पुन्हा जादा वेळ. आणि चकती पुन्हा हिच्याच काठीला!

समोर तिघी गोलची वाट अडवून उभ्या. डोरीन वळली ती थेट आपल्या गोलीपर्यंत मागे गेली.

"अगं ए, गोल तिकडे आहे!" वॉल्ट खाटीक ओरडला. "बस चुकलीस काय?"

डोरीन पुन्हा पुढे, पुन्हा मागे. तिच्या दोन्ही जोडीदारणी खेळ चालू असतानाच एकेक करून बदलीसाठी बाकावर गेल्या, ताज्या पोरी आत आल्या. टॅनरीच्या तिघींना मात्र चकतीमागे पळताना श्वास घ्यायला फुरसत नाही. त्यांची उंच पोर तर काठीवर वाकून धापा टाकत होती. डोरीनचा गुडघा ठणकत होता, पण काय मजा येत होती म्हणून सांगू!

"मार! मार ना गं!" सगळं गाव उभं राहिलं.

तेवढ्यात पेरोग्यांच्या, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्यांच्या, पिठाने माखलेला ॲप्रन घालून नेटीबाई प्रेक्षकांतल्या बाकावर चढल्या आणि गावाच्या वर आवाज चढवून किंचाळल्या, "मारू नकोस, डोरी! धर! धरून ठेव!"

डोरीनने धरली. उंच पोरीचा धीर सुटला, ती बदलीसाठी बाकाकडे वळली. बस्स! समोर दोघीच उरल्या आणि डोरीनची एकोणीस वर्षांची जोडीदारीण कॅसिडी गोलसमोर मोकळी. डोरीनने चकती सरकवली, कॅसिडीने आत ढकलली.

छप्पर उडायचंच बाकी राहिलं. वॉल्टने टोपी बर्फावर फेकली. कुंपणापाशी नेटीबाई लेकीची वाट पाहत उभ्या होत्या, घसा पार बसलेला.

"आई, कप बघ!"

नेटीबाईंनी कपाकडे पाहिलंसुद्धा नाही. पिठाच्या हातांनी लेकीचं तोंड धरून म्हणाल्या, "तेव्हाही हेच ओरडायला हवं होतं गं मी."