गफूरचाचांच्या अंकाची हद्द

कुणाची अब्रू काढायची असली, की गफूरचाचा आधी त्याच्या घरी जाऊन चहा प्यायचे. मग खिशातून बातमीचा कागद काढून, ती ज्याच्याविरुद्ध असेल त्यालाच मोठ्यानं वाचून दाखवायचे. "आता तुमचं काय म्हननं हाय ते सांगा. तेबी छापतो, एक अक्षर खानार न्हाई." हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगावातून निघणाऱ्या त्यांच्या साप्ताहिकात त्यामुळे प्रत्येक आरोपाखाली आरोपीचं उत्तर जसंच्या तसं असायचं, शिव्या तेवढ्या वगळून. मी त्यांचा वकील. बहुतेक भांडणं चहावरच मिटत असल्यानं मला काम नसे.

बाबाराव कंत्राटदारांचं मात्र मिटलं नाही. जवळा बाजारच्या रस्त्यावर एका फाट्याला त्यांनी प्रवासी निवारा बांधला, तोही रस्त्याकडे पाठ करून. आत बसलेल्याला समोर सोयाबीन दिसे आणि एसटी मागच्या मागे निघून जाई. चाचा बातमी घेऊन त्यांच्याकडे गेले. बाबाराव ऐटीत म्हणाले, "लिहा, शेतकऱ्याची सोय पाहून बांधला. बसल्या बसल्या पिकावर नजर राहती."

चाचांनी एक अक्षर खाल्लं नाही. बातमीला कुणी हसलं नाही, पण या उत्तराला अख्खा तालुका हसला. बाबाराव दिसले की पोरं विचारायची, "काका, पीक कसं हाय?" शेवटी वैतागून त्यांनी अब्रुनुकसानीचा दावा ठोकला, तो थेट कोल्हापुरात. तिथं त्यांची सासुरवाडी. मेहुण्यानं अंक वाचला आणि आपली तिथं बेअब्रू झाली, असं त्यांचं म्हणणं.

चाचा एकटेच संपादक, बातमीदार आणि अंक वाटणारे. दर तारखेला कोल्हापूर गाठायचं म्हणजे साप्ताहिक बंद पडणार, आणि बाबारावांना तेच हवं होतं. सुटायचा रस्ता एकच होता. अंक कोल्हापुरात जातच नाही हे दाखवलं, तर दावा तिथं चालला नसता. चाचांचा फोन बटणांचा, त्यामुळे त्यांनी अंक मोबाइलवरून धाडण्याचा प्रश्नच नव्हता. पण अंकाच्या माथ्यावर त्यांनी मोठ्या हौसेनं छापलं होतं, 'अखिल महाराष्ट्रात आवडीने वाचले जाणारे'. बाबारावांच्या वकिलानं नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं.

"चाचा, पिंजऱ्यात एवढंच सांगायचं, आपला अंक जिल्ह्याबाहेर कुणी वाचत नाही."

चाचांचा चेहरा उतरला. "वकीलसाहेब, तुमी मला वाचवून राहिले का मारून राहिले?"

"पण खरं आहे ना?"

"खरं हाय. म्हनून तर तकलीफ हाय."

कोर्टात चाचा ते इतकं हळू बोलले, की न्यायाधीशांनी पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा ते मोठ्यानं म्हणावं लागलं, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

मग मेहुणा पिंजऱ्यात आला. अंक कुठून मिळाला, असं मी विचारलं.

"दाजींनीच धाडला की, वाच म्हणून."

"वाचून दाजींबद्दलचं मत बदललं?"

"न्हाई बा. दाजी पहिल्यापासनं तसंच हाईत."

न्यायाधीशांनी रुमाल तोंडाला लावला. हिंगोली जिल्ह्यात दाखल करा, असं सांगून दावा परत झाला. बाबारावांनी तो आमच्या जिल्ह्यात कधीच दाखल केला नाही. तिथल्या कोर्टाला निवारा बघायला कितीसा वेळ लागला असता!

बाहेर पडलो. मी खुशीत होतो आणि चाचा मयतीला आल्यासारखे. "जितलो बराबर. पन आपल्याला कोनी वाचत न्हाई, हे कोर्टाच्या कागदावर आलं."

तेवढ्यात मेहुणा धावत आला. "चाचा, मला दर आठवड्याला अंक धाडत जावा की. दाजी फोनवर निस्त्या बढाया मारत्यात. खरं काय ते तुमच्यात तरी कळंल."

चाचा लगेच पत्ता उतरवून घेऊ लागले. मी त्यांचा हात धरला. "चाचा, असं करू नका! अंक इथं यायला लागला, तर पुढचा दावा इथंच चालेल. मला सोडवता येणार नाही!"

चाचांनी हात सोडवून घेतला. सबंध खटल्यात ते पहिल्यांदाच हसले. "चालू द्या की, वकीलसाहेब. वाचनारा हाय, तर दावा बी हुईल!"

चाचा गेल्या वर्षी गेले. शेवटच्या आठवड्यापर्यंत कोल्हापूरचा अंक त्यांनी स्वतःच्या हातानं टपालात टाकला. त्यावरून दावा कधी झाला नाही. झाला असता, तर हद्दीचा तो मुद्दा मी मोठ्या आनंदानं हरलो असतो.